जुन्या अमेरिकी पथदिव्याच्या पोटातला जड गठ्ठा कशासाठी असतो?

नमस्कार. इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. न्यू जर्सीत जुन्या सामानाच्या बाजारात तुम्हाला रस्त्यावरच्या खांबाचा एक दिवा मिळाला. अ‍ॅल्युमिनियमचं लांबट कवच, खाली फुगीर, खाचाखाचांची जाड काच, आणि बुडाशी निळ्या रंगात ‘४०’ हा आकडा. जनरल इलेक्ट्रिकचा (जीईचा) एम-४००, बहुधा १९६० च्या दशकातला. उघडून पाहिलात तर आत एका हाताला न पेलणारा लोखंडी गठ्ठा, एक लांबगोल धातूचा डबा आणि चिनी मातीचा भलामोठा होल्डर. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: गॅरेजमध्ये पेटवण्यासाठी त्यात कुठला बल्ब घालावा, तो गठ्ठा काढून सरळ एलईडी लावला तर काय बिघडेल, आणि परत येताना पुण्याला आणून बंगल्याच्या फाटकाशी लावता येईल का. शिवाय विक्रेत्याने तुम्हाला सांगितलं आहे की अमेरिकेतले जुने दिवे सगळे १२० व्होल्टवरच चालतात.

मी अमेरिकेत बरीच वर्षं रस्त्यावरच्या दिव्यांच्या देखभालीत काम केलं आहे, आणि अजूनही जुनी फिटिंग उघडून, साफ करून पुन्हा पेटती करतो. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कुठला बल्ब’ हा सगळ्यांत शेवटी सुटणारा प्रश्न आहे. खरा प्रश्न त्याच्या आधीचा: हे फिटिंग खांबावर होतं तेव्हा वायरीतून त्याला काय मिळत होतं? आतली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्या पुरवठ्याकडे बघून ठरवलेली असते. उरलेल्या गोष्टी ठरल्या त्या तीस फुटांवर, जाड हातमोजे घालून काम करणाऱ्या लाईनमनच्या सोयीने. एवढं धरून आत पाहिलंत की तो गठ्ठा अडगळ वाटणार नाही. त्या गठ्ठ्यावरचं, म्हणजे बॅलास्टवरचं, लेबल मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी त्यावर अवलंबून राहतील. तिथे तसं सांगेनच.

विक्रेत्याचं म्हणणं आधी बाजूला करतो, कारण त्यावर विसंबून अजून काही जुनी फिटिंग घेतलीत तर जिवावर बेतू शकतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी शहरांतले कितीतरी पथदिवे ठरावीक व्होल्टवर नव्हे, तर ठरावीक अँपिअरवर चालत. एका भागातले सगळे दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले, आणि सगळ्यांतून ६.६ अँपिअरचा एकच प्रवाह. प्रवाह एकच, म्हणून पहिला आणि शेवटचा दिवा सारखाच उजळतो, आणि मैलोन्‌मैल बारीक तारेवर भागतं. हा प्रवाह कायम ठेवणारा ट्रान्स्फॉर्मर सबस्टेशनमध्ये असे. त्याचं एक वेटोळं हलतं ठेवलेलं आणि वजनाने तोललेलं असायचं. प्रवाह वाढू लागला की चुंबकीय रेट्याने वेटोळी एकमेकांपासून दूर सरकत आणि प्रवाह पुन्हा ६.६ वर येई. इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नसताना केलेली ही योजना मला आजही फार आवडते. विमानतळांच्या धावपट्टीवरच्या दिव्यांत ६.६ अँपिअरची ही पद्धत अजून चालू आहे.

पण माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ विझते. रस्त्यावर ते चालणार नव्हतं, म्हणून त्या फिटिंगच्या होल्डरमध्ये दोन स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये इन्सुलेशनची एक पातळ चकती बसवत. बल्ब चालू असेपर्यंत त्या चकतीवर वीस-पंचवीस व्होल्टच पडत आणि ती शांत राही. फिलामेंट तुटलं की सर्किट खुलं होऊन सगळ्या माळेचा दाब त्या एका जागी येई, चकती जळून भोक पडे, दोन्ही पट्ट्या जोडल्या जात आणि बाकीचा रस्ता उजळलेला राही. लाईनमन नवा बल्ब लावताना नवी चकतीही घाली. बल्बवर वॅट आणि व्होल्टऐवजी लुमेन (उजेडाचं माप) आणि अँपिअर छापलेले असत. २० किलोवॅटच्या अशा सर्किटचा एकूण दाब तीन हजार व्होल्टच्या घरात जातो. तेव्हा लाटालाटांच्या कडेची, पोर्सिलेन इनॅमलची गोल थाळी आणि वर जाड चिनी मातीचं डोकं असं फिटिंग बाजारात दिसलं, तर होल्डरमध्ये त्या चकतीची जागा आहे का ते आधी बघा. असेल तर ते १२० व्होल्टचं नाही. साधा बल्ब लावायचा झाला तर होल्डर बदलूनच.

तुमचं फिटिंग त्यानंतरच्या पिढीतलं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वेस्टिंगहाऊसचा ओव्ही-२५, जीईची एम मालिका असे नागाच्या फण्यासारख्या आकाराचे दिवे आले, आणि अमेरिकेत त्यांचं नावच कोब्राहेड पडलं. त्याआधी पाऱ्याच्या दिव्याचा बॅलास्ट खांबाच्या तळाशी किंवा खांबावर वेगळ्या डब्यात असे. या पिढीत तो फिटिंगच्या पोटात आला. निळं ‘४०’ म्हणजे पाऱ्याचा ४०० वॅटचा दिवा. रंग दिव्याचा प्रकार सांगतो, आकडा वॅटचा दहावा भाग. सोडियमसाठी पिवळा रंग असतो. खालून, जमिनीवरूनच लाईनमनला कळावं की गाडीतून कुठला दिवा घेऊन वर जायचं, यासाठी ही खूण. मात्र स्टिकरवर पूर्ण विश्वास ठेवू नका. आतला भाग नंतर बदललेला आणि स्टिकर जुनाच, असं पुष्कळदा दिसतं. पुरावा मानायचा तो बॅलास्टवरचं लेबल. तिथे ‘एच३३’ असं दिसलं तर ४०० वॅट पारा पक्का.

आता मागून पुढे जाऊ. मागच्या तोंडाशी पाइपवर आवळायची पकड आहे. तिच्यात सव्वा ते दोन इंची पाइप बसतो. शेजारच्या ओतीव पायऱ्यांवर पाइपचं टोक वर-खाली टेकवून फिटिंग समपातळीत आणता येतं. पकडीलगत टर्मिनल ब्लॉक. आणि डोक्यावर फोटोसेलची तीन पात्यांची, फिरवून लॉक होणारी बैठक. ही बैठक स्वतःभोवती फिरवता येते, कारण फिटिंग कुठल्याही दिशेच्या रस्त्यावर लागलं तरी फोटोसेलचा डोळा उत्तरेकडे ठेवायचा असतो. त्या काळचा फोटोसेल हा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा, एक छोटा हीटर आणि दोन धातूंची पट्टी एवढाच. उजेड पडला की तुकड्याचा रोध कमी होतो, हीटर तापतो, पट्टी वाकते आणि दिवा बंद होतो. अंधारात पट्टी थंड होऊन पुन्हा चिकटते. तुकडा किंवा हीटर जळाला तर पट्टी थंडच राहते आणि दिवा भर दिवसा पेटलेला दिसतो. ते मुद्दाम तसं आहे: दिवसा वीज वाया गेलेली चालेल, रात्री रस्ता अंधारात नको. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून वीज चमकली किंवा गाडीचा झोत पडला तरी दिवा फडफडत नाही.

इथे एक धोका सांगायलाच हवा. अमेरिकेत २४० व्होल्ट म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल नव्हे, दोन्ही तारा जिवंत असतात. फोटोसेल त्यांतली एकच तोडतो. त्यामुळे २४० वर जोडलेला दिवा विझलेला असला तरी होल्डरमध्ये जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट असू शकतात. ‘दिवा बंद आहे ना’ म्हणून हात घालायचा नाही, ब्रेकर पाडायचा.

आता तुमचा गठ्ठा. पाऱ्याच्या दिव्यात फिलामेंट नसतं, वायूतून वीज वाहते. एकदा वाहू लागली की प्रवाह जसा वाढतो तसा त्या वायूचा विरोध आणखी कमी होतो. कुणी आवर घातला नाही तर काही क्षणांत दिवा फुटेल किंवा फ्यूज जाईल. तो आवर म्हणजे चोक. आपल्याकडे रस्त्यावरच्या पाऱ्याच्या दिव्याला एक साधा चोक पुरायचा, कारण दिव्याला चालताना साधारण १३० व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे मिळतात २३०. वरचा फरक सांभाळण्याएवढीच चोकची कामगिरी. अमेरिकेत घरगुती पुरवठा १२० चा. दिव्याला लागतात १३०-१३५, आणि थंड दिवा पेटवायला तर दोनशेच्याही वर. नुसत्या चोकने व्होल्ट वाढत नाहीत. म्हणून आधी ट्रान्स्फॉर्मर हवा आणि मग चोक. हे दोन्ही एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले असतात. पुण्यात पाहिलेल्या फिटिंगपेक्षा हे इतकं जड का, याचं कारण एवढंच आहे.

त्यातही दोन प्रकार. साधा प्रकार व्होल्ट वाढवतो आणि गळतीच्या चुंबकीय प्रवाहाने आवर घालतो. दुसरा, आणि पथदिव्यांत जास्त दिसणारा, स्थिर वॅटचा ऑटोट्रान्स्फॉर्मर. तुमच्याकडे लांबगोल डबा आहे, म्हणजे बहुतेक हाच. तो डबा कपॅसिटर आहे, आणि इथे आपल्याकडच्या वायरमनची हमखास फसगत होते. भारतीय फिटिंगमध्ये कपॅसिटर पुरवठ्याला समांतर असतो, फक्त पॉवर फॅक्टरसाठी, म्हणजे पुरवठ्यातून फुकटचा जादा प्रवाह ओढला जाऊ नये म्हणून. तो कापून टाकला तरी दिवा चालतो, आणि कित्येक जण बिघडला की कापूनच टाकतात. या प्रकारच्या अमेरिकी बॅलास्टमध्ये तो दिव्याच्या वाटेतच, सिरीजमध्ये असतो. कापलात तर दिवा पेटणारच नाही. दुसऱ्या मायक्रोफॅरॅडचा (कपॅसिटरचं माप) घातलात तर दिव्याचा प्रवाहच बदलेल.

एवढी खटपट का, हे आकड्यांवरून समजेल. साध्या चोकवर पुरवठा ५ टक्के हलला तर दिव्याचे वॅट १२ टक्क्यांनी हलतात. या कपॅसिटरवाल्या पद्धतीत पुरवठा १० टक्के हलला तरी वॅट ५ टक्केच हलतात. लांबच लांब रस्त्याच्या टोकाला व्होल्टेज पडतंच. ही पद्धत नसती तर शेवटचे दिवे मिणमिणते राहिले असते आणि सबस्टेशनजवळचे लवकर मेले असते. शिवाय साधा चोक दिवा तापेपर्यंत दीडपट प्रवाह ओढतो, हा ओढत नाही, त्यामुळे वायर आणि फ्यूज चालत्या प्रवाहाच्या मापाचे पुरतात. शहरभर हजारो दिवे लावणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी बचत होती.

गठ्ठा मागे, पाइपच्या बाजूला का बसवला? वजन खांबाजवळ राहावं, आणि दिव्याची उष्णता गुंडाळीपर्यंत जाऊ नये. इन्सुलेशन दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा विजेच्या यंत्रांचा जुना ठोकताळा आहे. मधला पत्र्याचा पडदा त्यासाठीच आहे, तो काढून ठेवू नका. जीईच्याच पुढच्या काही मॉडेलांत तर बॅलास्ट, कपॅसिटर सगळं खालच्या दारावर बसवलेलं आणि दार बिजागरीतून उचलून काढता येणारं. बॅलास्ट जळला की लाईनमनने एक प्लग सोडायचा, दार काढायचं, दुसरं अडकवायचं. दुरुस्ती खाली, कारखान्यात. उंचीवर घालवायची मिनिटं कमी करणं हेच त्यामागचं डोकं.

यातूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. दिव्यातून किती प्रवाह जाणार हे दिवा ठरवत नाही, बॅलास्ट ठरवतो. ४०० वॅटचा दिवा फार प्रखर होईल म्हणून १७५ वॅटचा घालू, असं मनात आलं असेल तर थांबा. ४०० च्या बॅलास्टचा चालता प्रवाह ३.२ अँपिअर. १७५ चा दिवा १.५ अँपिअरसाठी बनवलेला आहे, तो जास्त तापून लवकरच फुटेल. लेबलवर एच३३ असेल तर एच३३ चाच दिवा. सोडियमचा दिवाही चालणार नाही. त्याला पेटायला अडीच ते चार हजार व्होल्टचा झटका देणारा इग्नायटर लागतो. पाऱ्याच्या दिव्यात सुरुवातीसाठी आतच एक जादा इलेक्ट्रोड असतो, म्हणून तुमच्या फिटिंगमध्ये इग्नायटर सापडला नाही. तो हरवलेला नाही.

पुढेमागे सोडियमचं अमेरिकी फिटिंग घेतलंत तर एक गोष्ट लक्षात असू द्या. अमेरिकेतला १५० वॅटचा सोडियम दिवा बहुतेक ठिकाणी ५५ व्होल्टच्या आर्कचा (आतल्या वायूतल्या विजेच्या झोताचा) असतो, मुद्दाम इतका कमी, म्हणजे १२० व्होल्टवर नुसत्या चोकने भागतं. आपल्याकडचा १५० वॅटचा सोडियम दिवा १०० व्होल्टच्या आसपासचा. वॅट तेच, होल्डरचं माप जवळपास तेच, पण एकाचा दिवा दुसऱ्याच्या बॅलास्टवर नीट चालत नाही. अमेरिकी लेबलवर ५५ वाल्याला एस५५ आणि १०० वाल्याला एस५६ असं लिहिलेलं असतं.

अमेरिकेत १ जानेवारी २००८ नंतर पाऱ्याच्या दिव्यांचे नवे बॅलास्ट बनवायला आणि आयात करायला बंदी आहे, आणि पाऱ्याच्या वापरावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने या दिव्यांच्या उत्पादनासाठी २०२० ही मुदत घातली. म्हणजे तुमच्या हातातला बॅलास्ट चांगला निघाला तर तो फेकण्याजोगा मुळीच नाही. दिवे सध्या जुन्या साठ्यातून मिळतात. एक-दोन घेऊन ठेवा.

आता काच आणि तिच्यामागचं आरसापात्र, कारण एलईडीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तुमच्या काचेच्या खाचा शोभेच्या नाहीत. बोरोसिलिकेट काचेवर ओतलेले ते लोलक आहेत, आणि प्रत्येक खाच आतल्या आर्कच्या एका ठरावीक जागेवरून येणारा उजेड रस्त्याच्या लांबीकडे वळवते. खाली पडणारा उजेड कमी, दोन खांबांच्या मधल्या जागेकडे जाणारा जास्त. होल्डरची पट्टी नीट बघा: तिला एकाहून जास्त खाचा असतील, शेजारी अक्षरं किंवा आकडे उठवलेले असतील. रस्ता अरुंद की रुंद, त्यानुसार दिवा पुढे-मागे, वर-खाली सरकवायची ती सोय आहे. उजेडाचा आकार या काही मिलिमीटरांवर बदलतो. तो होल्डर सोडवण्याआधी कुठल्या खाचेत होता त्याचा फोटो काढून ठेवा.

मक्याच्या कणसासारखा एलईडी बल्ब या जागी घातला की उजेडाचा उगम बोटभर आर्कऐवजी वीतभर लांबीचा होतो. खाचांना तो कुठून येतोय हेच कळत नाही. रस्त्यासाठी घडवलेली काच मग नुसतं झाकण बनते, आणि डोळ्यांवर चकाकी येते. दुसरं, त्या बल्बचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बंद पात्रातल्या उष्णतेत लवकर मरतं. तरीही मी सरसकट नको म्हणणार नाही. ४०० वॅटचा पाऱ्याचा दिवा वीस-एकवीस हजार लुमेन देतो आणि बॅलास्टसकट साधारण ४५० वॅट खातो. आठ फुटांच्या गॅरेजमध्ये रोज ते असह्य होईल. तुम्हाला फिटिंग शोभेसाठीच हवं असेल तर कमी वॅटचा, उबदार रंगाचा एलईडी लावा, पण परत फिरता येईल अशा रीतीने. बॅलास्टच्या वायरी कापू नका, टर्मिनलवरून सोडवा, प्रत्येकीचं टोक वेगळं बंद करा, चिठ्ठी बांधा, आणि होल्डरला पुरवठा थेट द्या. गठ्ठा जागेवरच राहू द्या.

काच बसते तिथे चिंध्यांसारखी दिसणारी नमद्याची (फेल्टची) पट्टी आहे. बरेच हौशी लोक ती काढून त्या जागी सिलिकॉन भरतात, ‘वॉटरप्रूफ’ करायला. तसं करू नका. दिवा लागला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते. विझला की थंड होऊन बाहेरची हवा आत ओढते. रोज संध्याकाळ-सकाळ फिटिंग असा श्वास घेतं. नमद्यातून येताना ती हवा गाळली जाते. जीईने काही मॉडेलांत याच कामासाठी कोळशाची गाळणीही दिली होती, धुराचे कणच नव्हे तर वायूही अडावेत म्हणून. ही वाट बंद केलीत तर हवा वायरीच्या भोकातून नाहीतर बिजागरीच्या फटीतून शिरते, धूळ घेऊन, आणि आरशावर करडा थर चढतो. नमदा गेला असेल तर नमदाच घाला. आरसा अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे. पितांबरी, तारेची घासणी, सोडा यांतलं काही लावू नका, वरचा पापुद्रा गेला की चमक परत येत नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं. काचेच्या खाचांना जुना टूथब्रश.

पुण्याचा प्रश्न. बॅलास्टला २४० चा टॅप (त्या व्होल्टसाठी गुंडाळीतून काढलेली तार) असला तरी तो आपल्या २३० वर जोडू नका. अडचण व्होल्टची नाही, फ्रिक्वेन्सीची आहे. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. गाभ्यावरचा चुंबकीय ताण व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात असतो: २४० भागिले ६० म्हणजे ४, आणि २३० भागिले ५० म्हणजे ४.६. पंधरा टक्के जास्त. गाभा संपृक्त होऊन गुरगुरतो आणि तापतो. काही जण २७७ चा टॅप वापरायला सांगतात. गणित जुळतं, २७७ भागिले ६० हेही ४.६ च येतं आणि गाभा सुखी राहतो. पण मग दिव्याकडे जाणारं व्होल्टेज सहाव्या भागाने पडतं. त्यात ५० हर्ट्झवर कपॅसिटरचा विरोध वाढलेला आणि गुंडाळीचा कमी झालेला, म्हणजे प्रवाह आणखी घटतो. दिवा पेटलाच तर अर्धवट जळत राहतो.

सरळ मार्ग असा. ४०० वॅटचा पाऱ्याचा दिवा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, १३५-१४० व्होल्ट आणि सव्वातीन अँपिअरच्या आसपास. म्हणून आपल्याकडचा ४०० वॅट पाऱ्याचा चोक फाटकाच्या खांबाच्या तळाशी डब्यात बसवा, समांतर कपॅसिटर आणि अर्थिंगसह, आणि वर फक्त दिव्याच्या दोन तारा न्या. अमेरिकी बॅलास्ट आत न जोडता राहील. जुन्या इलेक्ट्रिकल दुकानांत हा चोक विचारून ठेवा. २५० वॅटलाही हे जमतं. १७५ ला जमत नाही, कारण आपल्याकडे त्या मापाचा दिवाच नव्हता. होल्डरबद्दल: अमेरिकी माप ई३९, आपलं ई४०. एका मिलिमीटरचा फरक, पण खोलीही वेगळी असल्याने कधी तळाचा स्पर्श होत नाही, कधी धातूचा भाग बाहेर राहतो. फिटिंगचा होल्डर ठेवलात तर दिवाही अमेरिकी मापाचा घ्या. मात्र विमानाच्या सामानात पाऱ्याचा दिवा नेण्याच्या भानगडीत पडू नका. फोटोसेलवर २०८–२७७ व्होल्ट असं छापलेलं असेल तर तो २३० वर चालेल, १२० चा लगेच जळेल. पाइपची काळजी नको, आपला ५० मिमी नाममात्र मापाचा पाइप आणि त्यांचा दोन इंची एकच आहेत. पण फिटिंग वीस किलोच्या घरातलं आहे, त्यामुळे आडवा हात वेल्डिंगवर टांगू नका, आतून बोल्ट घ्या.

न्यू जर्सीत पहिल्यांदा वीज देण्याआधी जे पाहायचं ते आता सांगतो. सगळ्यांत आधी तो लांबगोल डबा. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत अशा कपॅसिटरांत पीसीबी नावाचं विषारी तेल असायचं. ‘पीसीबी नाही’ असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते आहे असंच धरा. टर्मिनलभोवती चिकट ओल किंवा डबा फुगलेला दिसला तर नायट्राइलचे हातमोजे घालून काढा, पिशवीत बंद करा आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या. तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा कपॅसिटर सहज मिळतो. जुन्या डब्यांत साठलेली वीज आपोआप उतरवणारा रेझिस्टर नसतो, तेव्हा हात लावण्याआधी रेझिस्टर धरून ती उतरवा.

होल्डरकडे जाणाऱ्या वायरीवर पांढरट, कापडासारखं विणलेलं आवरण असेल तर ते अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. कात्री लावू नका, झटकू नका. ओलं करून पूर्ण वायरच बदला, नवी सिलिकॉन किंवा काचतंतूंच्या आवरणाची घ्या. मग मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) गुंडाळी आणि कवच यांच्यामधलं इन्सुलेशन तपासा. आणि टॅप: एकाच बॅलास्टला १२०, २०८, २४०, २७७ अशा तारा असतील तर १२० जोडल्यावर बाकीच्या मेलेल्या नसतात. २७७ च्या तारेवर खरोखर २७७ व्होल्ट उभे असतात. प्रत्येक मोकळ्या टोकाला स्वतंत्र टोपी घाला, एकत्र पिळू नका.

फोटोसेलच्या जागी शॉर्टिंग कॅप (सर्किट कायम जोडून ठेवणारं टोपण) लावा, कवचाला अर्थिंग द्या, जीएफसीआय (वीज गळली की पुरवठा तोडणारी सोय) असलेल्या पॉइंटवरून पुरवठा घ्या. दिवा पूर्ण उजळायला चार-सहा मिनिटं लागतात. विझवला तर थंड होईपर्यंत पुन्हा पेटणार नाही, तेव्हा बटण खालीवर करत बसू नका. तेवढ्या वेळात दिव्याच्या तारेवर क्लॅम्प मीटर ठेवा. स्थिरावल्यावर ३.२ च्या आसपास दाखवत असेल तर बॅलास्ट आणि कपॅसिटर दोन्ही ठीक. दिव्याचं बाहेरचं काचेचं कवच फुटलेलं असेल तर तो मुळीच लावू नका. आतली नळी तशीही पेटते, पण तिच्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांनी डोळे आणि कातडी भाजते.

बॅलास्टचं लेबल आणि होल्डरच्या पट्टीच्या खाचा, या दोन्हींचे जवळून काढलेले फोटो टाका. लेबलवर वायरींचे रंग आणि टॅपचे आकडे वाचता आले की १२० साठी नेमक्या कुठल्या दोन तारा घ्यायच्या ते सांगतो.